बेसिक कोर्सनंतरचं काम: नव्या वैद्यकीय शिक्षकांना शिक्षणसिद्धांत वापरायला कसं शिकवायचं

वैद्यकीय शिक्षकांसाठीचा शिकवण्याचा बेसिक कोर्स होतो, ग्रुप फोटो निघतो, प्रमाणपत्र बढतीच्या फाइलला लागतं आणि सोमवारी तेच सहायक प्राध्यापक तीच जुनी पीपीटी उघडून उभे राहतात. फरक एवढाच, की दुसऱ्या स्लाइडवर आता कोल्बचं चक्र (अनुभव, त्यावर विचार, संकल्पना, प्रयोग असं शिकण्याचं चार टप्प्यांचं वर्तुळ) आलेलं असतं. दोष त्यांचा थोडा, आपला जास्त. आपण त्यांना सिद्धांत आधी दिला आणि तो लावायला जागा नंतर शोधायला सांगितली. क्रमच उलटा झाला.

खालचा क्रम एमईयूचे (कॉलेजातल्या मेडिकल एज्युकेशन युनिटचे) समन्वयक, विभागप्रमुख आणि नव्या शिक्षकाला हाताशी धरणारे वरिष्ठ यांच्यासाठी आहे. एका शिक्षकाला एका सेशनवर एक सिद्धांत पुरता वापरता यावा, एवढंच उद्दिष्ट. त्याला पाच-सहा आठवडे लागतील असं धरून चाला. उदाहरण शेवटपर्यंत एकच घेतलंय: पहिल्या वर्षाच्या फिजिऑलॉजी प्रॅक्टिकलमधलं रक्तदाब मोजणं. सोपं काम म्हणून ते घाईत उरकलं जातं आणि पुढे इंटर्नशिपपर्यंत मुलं चुकीच्या सवयीने मोजत राहतात.

## सुरू करण्याआधीची तयारी

गट लहान ठेवा. चार ते सहा जण पुरे, आणि शक्यतो वेगवेगळ्या विभागांचे. एकाच विभागाचे सगळे बसले की चर्चा शिकवण्यावरून विषयावर घसरते. अॅनाटॉमीचे तिघं एकत्र आले तर ब्रेकियल प्लेक्ससवर (हाताकडे जाणाऱ्या नसांच्या जाळ्यावर) वाद होईल. तो मुलांना का कळत नाही हा प्रश्न बाजूला राहील.

प्रत्येकाने एक येऊ घातलेलं सेशन आणावं. पुढच्या महिनाभरात होणारं, आणि मुख्य म्हणजे दुसऱ्या बॅचला पुन्हा घ्यावं लागणारं. प्रॅक्टिकल आणि क्लिनिकल पोस्टिंगमध्ये बॅचेस फिरतात, त्यामुळे हे सहज जमतं. पहिल्या बॅचवर पाहायचं, दुसऱ्या बॅचवर बदल करायचा. वर्षातून एकदाच होणारं लेक्चर या कामाला निवडू नका.

विभागप्रमुखांशी तुम्ही बोला. नव्या शिक्षकाच्या हातात प्रॅक्टिकलचं वेळापत्रक नसतं. "सर, दोन बॅचेसचं एक प्रॅक्टिकल थोडं वेगळं घेऊ द्या, वेळ तेवढाच लागेल," हे वाक्य वरिष्ठाने म्हटलं की काम होतं. कनिष्ठाने म्हटलं तर "आधी जर्नल्स तपासून संपवा" असं उत्तर येण्याची शक्यता जास्त.

एनएमसीची (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची) कॉम्पिटन्सी यादी, म्हणजे विद्यार्थ्याला काय काय यायला हवं त्याची यादी, हाताशी ठेवा. २०१९ च्या बॅचपासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात प्रत्येक कौशल्यापुढे के, केएच, एसएच किंवा पी अशी पातळी असते: माहीत आहे, कसं करायचं ते माहीत आहे, करून दाखवतो, स्वतंत्रपणे करतो. हा जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये मांडलेला पिरॅमिडच आहे. म्हणजे शिक्षणसिद्धांत तुमच्या टेबलावर आधीपासून पडून आहे, फक्त कोणी त्याला त्या नावाने हाक मारत नाही.

पुस्तकं, स्लाइड्स आणि सिद्धांतांची यादी अजून काढायची नाही. परीक्षेचे आणि इन्स्पेक्शनचे आठवडे टाळा, त्या काळात कोणाचंही डोकं ठिकाणावर नसतं.

## टप्पा १: अडचण एका वाक्यात लिहून घ्या

पहिल्या बैठकीत एवढंच काम. नव्या शिक्षकांची पहिली वाक्यं ठरलेली असतात: "मुलं लक्ष देत नाहीत." "बेसिक कच्चं आहे." "आजकालच्या मुलांना वाचायला नको." ही अडचण नाही, ही तक्रार आहे. तक्रारीला सिद्धांत लागू पडत नाही.

तक्रारीवरून अडचणीकडे आणायला दोन प्रश्न पुरतात. "मॅडम, मुलं नेमकं काय करतात किंवा काय करत नाहीत?" आणि "ते तुम्हाला कुठे दिसलं?" रक्तदाबाच्या उदाहरणात या प्रश्नांनी वाक्य असं बदलतं:

आधी: मुलांना बीपी नीट मोजता येत नाही.
नंतर: जर्नलमध्ये मुलांनी लिहिलेले जवळजवळ सगळे आकडे शून्याने संपतात. १२०/८०, ११०/७०, १३०/९०.

दुसऱ्या वाक्यात पुरावा आहे आणि मोजता येण्यासारखं काहीतरी आहे. रक्तदाबमापकावर दर २ मिमीला रेघ असते. खरं वाचन असेल तर शेवटचा अंक ०, २, ४, ६, ८ यांपैकी कुठलाही येईल, म्हणजे शून्य साधारण पाचातून एकदा. तीस मुलांचे सिस्टॉलिक आणि डायस्टॉलिक मिळून साठ आकडे धरले तर त्यांत डझनभर शून्य यायला हवेत. पन्नास असतील तर मुलं वाचत नाहीत, अंदाज लिहितात.

तपासा: वाक्यात "समजत नाही", "रस नाही", "कच्चे आहेत" यांपैकी काही उरलंय का? उरलं असेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: सेशन बघा, सुचवू नका

हा टप्पा सगळ्यात जास्त वेळा गाळला जातो. गटातल्या दुसऱ्या शिक्षकाने पहिल्या बॅचचं प्रॅक्टिकल मागे बसून पूर्ण बघायचं. दुसऱ्या विभागाचा असेल तर उत्तम, कारण तो विषयात अडकत नाही.

बघणाऱ्याने शिक्षकाकडे कमी आणि मुलांकडे जास्त बघायचं. कागदावर दोन रकाने: डावीकडे वेळ, उजवीकडे मुलं काय करत होती. मत लिहायचं नाही. "छान समजावलं" हे मत. "१०:२०, मागच्या दोन रांगांना टेबलावरचा हात दिसत नाही" ही नोंद.

रक्तदाबाच्या प्रॅक्टिकलमध्ये अशा नोंदी साधारण काय सांगतात ते पाहा. एका टेबलाभोवती पंचवीस जण. ट्यूटर बोलत बोलत एकदाच करून दाखवतात. मग जोड्या पडतात. मुलगी कफ बांधते, नळ्या कुठल्या बाजूला असाव्यात ते शेजारणीला विचारते. स्टेथोस्कोप उलटा कानात घालते, पुन्हा काढून फिरवते. कफ फुगवते, व्हॉल्व्ह सैल करताना तो एकदम सुटतो आणि काटा तीन-चार सेकंदांत खाली. काही ऐकू आलं नाही. जोडीदार सांगतो, "१२०/८० लिही ना." ती लिहिते. ट्यूटर सही करतात.

आता या नोंदींमध्ये दोन वेगवेगळ्या अडचणी आहेत. मुलीला एकाच वेळी खूप काही सांभाळावं लागतंय, ही एक. आणि अंदाजाने लिहिलेल्या आकड्यावरही सही मिळते, ही दुसरी. पहिलीचं उत्तर शिकवण्यात आहे, दुसरीचं मूल्यमापनात. बघितलं नसतं तर दोन्ही "प्रॅक्टिस कमी पडते" या एका वाक्यात गेल्या असत्या.

सावधान: निरीक्षण म्हणजे तपासणी नव्हे, हे सगळ्यांसमोर स्पष्ट सांगा. नोंदींचा कागद ज्याचं सेशन त्याच्याकडेच राहील. तो विभागप्रमुखांकडे गेला तर पुढच्या वेळी तुम्हाला कोणी बसू देणार नाही, आणि ते योग्यच आहे.

## टप्पा ३: अडचणीवरून सिद्धांत निवडा

आता सिद्धांत. सगळे नाही, आणि नवा शिक्षक एकटा निवडणार नाही. समन्वयकाने तयारी करून यायचं. कामाला येणारे मोजके असे:

एकदम खूप काही सांभाळावं लागतंय. जॉन स्वेलर यांचा कॉग्निटिव्ह लोडचा सिद्धांत, १९८८ पासूनचा. तात्पुरत्या स्मृतीत नव्या गोष्टी मोजक्याच मावतात. काही ओझं विषयाचंच असतं, काही आपल्या मांडणीमुळे विनाकारण वाढतं. आपल्या हातात दुसरं आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना पहिल्या वर्षी सूचना इंग्रजीत ऐकून, मनात उलगडून, मग हात चालवावा लागतो. हेही विनाकारण वाढलेलं ओझंच. परीक्षा इंग्रजीत असली तरी पहिला डेमो मराठीत द्यायला कोणी अडवलेलं नाही.

कळलं होतं, आठवड्यात विसरले. आठवून काढण्याचा परिणाम, म्हणजे टेस्टिंग इफेक्ट. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारा गट पुढे होता. आठवड्याने मात्र आठवून लिहिणारा गट पुढे गेला. गंमत म्हणजे आपल्याला चांगलं आठवेल अशी खात्री पुन्हा वाचणाऱ्यांनाच जास्त होती.

पुष्कळ वेळा केलं, तरी सुधारणा नाही. अँडर्स एरिक्सन यांचा डेलिबरेट प्रॅक्टिसचा विचार, १९९३. नुसती संख्या वाढवून हात सुधारत नाही. एक ठरावीक त्रुटी, तिच्यावरच सराव आणि लगेच दुरुस्ती लागते. लॉगबुकमध्ये आकडे भरणारा आणि टाके मात्र तसेच घालणारा इंटर्न इथे बसतो.

राउंडला मागे उभे राहतात, सामील होत नाहीत. लेव्ह आणि वेंगर, १९९१. नवखा माणूस कडेकडेने, पण खऱ्या कामातून आत येतो. "लक्ष द्या" म्हणण्यापेक्षा त्या राउंडचं एक छोटं खरं काम त्याच्यावर सोपवा: कालपासून लघवी किती झाली, हे तोच सांगेल आणि त्याच्या आकड्यावर युनिट पुढचा निर्णय घेईल.

काम करतात, पण भीतीने. डेसी आणि रायन यांचा सेल्फ डिटरमिनेशन सिद्धांत. आपली निवड, आपल्याला जमतंय ही जाणीव आणि आपलेपणा, या तिन्हींपैकी काय कमी पडतंय ते शोधायचं.

आमच्या अडचणीला पहिला लागू पडतो.

सावधान: दोन गोष्टी अजूनही कार्यशाळांत फिरतात, त्या काढून टाका. एक, "व्हिज्युअल, ऑडिटरी, कायनेस्थेटिक" अशा शिकण्याच्या शैली. मुलांना त्यांच्या शैलीप्रमाणे शिकवलं तर ती जास्त शिकतात, याला पुरेसा पुरावा नाही, असा निष्कर्ष पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये काढला. दोन, "वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, केलेलं ९० टक्के" असा शंकू. एडगर डेल यांच्या १९४६ च्या मूळ शंकूत टक्केवारी नव्हतीच. ती नंतर कोणीतरी चिकटवली. डॉक्टर असून आपण गोल आकड्यांवर इतके सहज विश्वास ठेवतो, हे जरा लाजिरवाणंच.

## टप्पा ४: सिद्धांताकडून भाकीत काढून घ्या

सगळं काम या टप्प्यावर ठरतं. नव्या शिक्षकाला निवडलेल्या सिद्धांतावरचा एकच सुबोध परीक्षणलेख वाचायला द्या. वैद्यकीय शिक्षणाच्या नियतकालिकांत असे लेख मिळतात. पुढच्या बैठकीत त्याने दोन गोष्टी करायच्या.

पहिली, कुठलीही पारिभाषिक संज्ञा न वापरता तो सिद्धांत रेसिडेंटला सांगावा तसा मराठीत सांगायचा. अडखळला तर वाचन झालेलं नाही, पाठांतर झालंय.

दुसरी, एक भाकीत लिहायचं: "जर हा सिद्धांत इथे खरा असेल, तर मी अमुक बदललं की तमुक दिसेल, आणि ते बदललं नाही तर दिसणार नाही." आमच्या उदाहरणात: जर अडचण ओझ्याची असेल, तर कामाचे तुकडे पाडून एकेक आधी पक्का केल्यावर शून्याने संपणारे आकडे कमी होतील. तेवढाच वेळ सगळं एकत्र करण्याच्या सरावाला दिला, तर फारसे कमी होणार नाहीत.

ज्यातून असं भाकीत निघत नाही, तो सिद्धांत त्या सेशनपुरता शोभेचा. "मी कोल्बचं चक्र वापरलं" असं सांगणाऱ्याला विचारा, "ते वापरलं नसतं तर तुमच्या सेशनमध्ये काय वेगळं झालं असतं?" बहुतेक वेळा उत्तर येत नाही. चक्राच्या चार बाणांखाली जुनंच सेशन बसवलेलं असतं.

तपासा: भाकीत चुकीचं ठरू शकतं का? "मुलांचा सहभाग वाढेल" हे कधीच चुकत नाही, म्हणून ते चालणार नाही.

## टप्पा ५: सेशनमध्ये एकच बदल करा

उत्साह असतो तेव्हा सगळं बदलावंसं वाटतं. क्विझ, व्हिडिओ, रोल प्ले, गटचर्चा. मग फरक पडला तरी कशामुळे ते कळत नाही. एक बदल, तेवढ्याच वेळात.

रक्तदाबाचं प्रॅक्टिकल असं बसवता येतं:

१. फक्त व्हॉल्व्ह. कफ माणसाच्या हातावर नाही, भक्कम बाटलीभोवती बांधायचा. स्टेथोस्कोप नाही. काटा २०० वर नेऊन सेकंदाला २ ते ३ मिमी या वेगाने १०० पर्यंत आणायचा. म्हणजे ३३ ते ५० सेकंद लागायला हवेत. जोडीदार मोबाइलवर वेळ लावतो. दोनदा जमलं की पुढे.

२. फक्त आवाज. कोरोटकॉफ आवाजांची (कफ सैल होताना धमनीवर ऐकू येणाऱ्या ठोक्यांची) ध्वनिफीत सगळ्यांना ऐकवायची. पहिला आवाज आला की हात वर, आवाज पूर्ण थांबला की हात खाली. इथे कोणाला काय ऐकू येत नाही ते लगेच दिसतं.

३. फक्त बांधणी आणि नाडी. विद्यार्थी पाच मिनिटं शांत बसलेला, हात हृदयाच्या पातळीवर. कफची खालची कड कोपराच्या घडीपासून २ ते ३ सेंमी वर. रेडियल नाडी धरून कफ फुगवायचा, नाडी लागेनाशी झाली तो आकडा लिहायचा. ऑस्कल्टेटरी गॅपमुळे, म्हणजे आवाज मध्येच काही काळ गायब होतात त्यामुळे, वरचा आकडा हुकू नये म्हणून ही पायरी असते. मुलांना हे कारण सांगा, नाहीतर ती पायरी गाळतात.

४. आता एकत्र. नाडी बंद झालेल्या आकड्याच्या २० ते ३० मिमी वर फुगवून, पूर्ण मोजमाप.

ट्यूटर पूर्ण डेमो देतात तो चौथ्या पायरीच्या आधी, एकदा न बोलता आणि एकदा सांगत. तिसऱ्यांदा एखादा विद्यार्थी तोंडाने पायऱ्या सांगतो आणि ट्यूटर तेवढंच करतात. कौशल्य शिकवण्याची पेटन यांची चार पायऱ्यांची पद्धत ती हीच. अभ्यासक्रमातल्या डोॲप सेशनमध्ये (दाखवणं, बघणं, मदत करणं, स्वतः करणं) ती सहज बसते.

सावधान: हीच मांडणी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटसाठी वापरू नका. नवख्याला मदत करणारे तुकडे जाणत्याला अडचण होतात, असं याच सिद्धांताचं पुढचं संशोधन सांगतं. जाणत्याला पूर्ण केस द्या आणि गप्प बसा.

## टप्पा ६: शिकवा, आणि लगेच बोला

दुसऱ्या बॅचला बदललेलं सेशन घ्यायचं. तोच निरीक्षक, तसाच दोन रकान्यांचा कागद. सेशन संपल्यावर त्याच दिवशी पंधरा मिनिटं बसायचं. आधी ज्याने शिकवलं तो बोलणार, मग निरीक्षक नोंदी वाचून दाखवणार, सल्ला सगळ्यात शेवटी आणि एकच. वरिष्ठांना हे अवघड जातं. खुर्चीत बसल्या बसल्या पाच सूचना सुचतात. चार लिहून ठेवा, पुढच्या वेळी द्या.

सेशन फिसकटलं तर घाबरवू नका. पहिल्यांदा बाटलीभोवती कफ बांधायला लावल्यावर मुलं हसणारच.

## टप्पा ७: भाकीत खरं ठरलं का ते मोजा

इथे सवयीने फीडबॅक फॉर्म बाहेर येतो. "सेशन उपयुक्त वाटलं का? १ ते ५." त्याने मुलांना आवडलं का ते कळतं, शिकली का ते नाही. रोडिगर-कार्पिकचा प्रयोग आठवा: खात्री आणि स्मरण उलट्या दिशेला गेले होते. फॉर्म हवा तर भरून घ्या, निष्कर्ष त्यावर काढू नका.

मोजायचं ते भाकितात लिहिलेलं. दोन्ही बॅचच्या जर्नलमधले शून्याने संपणारे आकडे मोजा. त्याशिवाय आठवड्याने दोन जोड्या कानांचा शिकवण्याचा स्टेथोस्कोप घेऊन काही मुलांची पडताळणी करा: ट्यूटर आणि विद्यार्थी एकाच वेळी ऐकतात, वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहितात, मग चिठ्ठ्या शेजारी ठेवतात. फरक किती चालेल ते आधी ठरवा.

आता टप्पा २ मधली दुसरी अडचण आठवा, अंदाजालाही सही मिळते ती. एका बॅचच्या वेळी ट्यूटर बघून सही करत होते आणि दुसरीच्या वेळी न बघता, असं झालं तर तुलना बाद. सहीची पद्धत दोन्हीकडे सारखी ठेवा. सहीचं काय करायचं हा स्वतंत्र प्रकल्प आहे.

फरक दिसला नाही, तर सिद्धांत फेकून देण्याआधी बदल खरोखर झाला का ते निरीक्षकाच्या कागदावर बघा. अनेकदा वेळ कमी पडला म्हणून पहिल्या दोन पायऱ्या गुंडाळलेल्या सापडतात. बदल नीट झाला होता आणि तरी फरक नाही, तर अडचणीचं निदान चुकलं. टप्पा २ वर परत जा, नोंदी पुन्हा वाचा, दुसरा सिद्धांत घ्या.

सावधान: यातून पेपर लिहायचा विचार असेल तर एथिक्स कमिटीची मान्यता माहिती गोळा करण्याआधी घ्यायची. "आधी करून बघू, चांगलं आलं तर मान्यता घेऊ" हे चालत नाही. आणि एका सेशनच्या दोन बॅचेसवरून मोठे दावे करू नका. हे प्राथमिक काम आहे, तसंच लिहा.

## टप्पा ८: एक पान लिहा, पुढच्याला द्या

अडचणीचं वाक्य, निवडलेला सिद्धांत, भाकीत, केलेला बदल, काय दिसलं. एका पानात. हे पान एमईयूच्या कपाटात नको, विभागाच्या प्रॅक्टिकल फाइलमध्ये लावा, कारण पुढच्या वर्षी तेच प्रॅक्टिकल घेणारा ट्यूटर ती फाइल उघडतो, कपाट उघडत नाही.

दुसरा सिद्धांत कधी घ्यायचा? पहिला शिक्षक तुमच्याशिवाय, स्वतःच्या दुसऱ्या एखाद्या सेशनवर टप्पा १ ते ४ करू शकला की. तोवर त्याला नवीन कार्यशाळेला पाठवू नका. आणि तो जमवतो आहे असं दिसलं, तर पुढच्या गटात निरीक्षक म्हणून त्यालाच बसवा. दुसऱ्याचं सेशन बघताना त्याला स्वतःच्या सेशनमधलं बरंच काही दिसायला लागेल.